पाऊल कुठं ठेवायचं

सुरतेत सहली ठरतात त्या दिवाळीवर. हिऱ्यांचे कारखाने बंद होतात, रिंग रोडवरच्या कापड बाजाराची शटरं खाली येतात, शाळांना सुट्टी लागते आणि अर्धं शहर बाहेर पडतं. कच्छच्या आखातातला समुद्र मात्र तिथीवर चालतो. प्रवाळांचं पठार उघडं पडतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटी खूप खाली उतरते तेव्हा. अष्टमी-नवमीला भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि ज्यासाठी रात्रभर गाडीत बसून आलो ते पाण्याखालीच राहतं. दिवाळीची अमावास्या म्हणजे उत्तम ओहोटी. पण लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज टाकून कोण निघणार? लाभपंचमी करून निघावं तर जामनगरला पोचेपर्यंत भांग सुरू झालेला. म्हणून मी लोकांना देवदिवाळीची, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेची तारीख द्यायचे. "बेन, तेव्हा धंदा सुरू झालेला असतो," असं म्हणून निम्मे लोक तिथंच गळायचे. जे यायचे त्यांच्याबरोबर मी बरीच वर्षं जामनगरच्या किनाऱ्यावर, नराऱ्याला आणि परवाना मिळाला तर पिरोटन बेटावर हिंडले. समुद्री जीव दाखवणं हे माझं काम होतं. त्या कामाबद्दल जे मनात साठलंय ते लिहिते आहे.

वडील खान्देशातून उधन्याला लूमवर कामाला आले. मी सुरतेतच शिकले आणि मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला असायचा तो डुमसचा: काळपट वाळू, गढूळ पाणी, भजीच्या गाड्या. तापीतून भरतीचं पाणी शहरात पार सिंगणपोरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, पण पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यालाही नदी कधी चढते, कधी उतरते याचा पत्ता नसतो. पुस्तकात 'प्रवाळ' हा धडा होता आणि खाली चित्र होतं. मुलांनी विचारलं, हे आपल्याकडे असतं का? असतं, गुजरातेतच असतं, असं मी सांगितलं आणि मग ते दाखवायची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. आधी शाळेची मुलं नेली, नंतर त्यांचे पालक येऊ लागले, पालकांचे ओळखीचे आले, आणि नोकरी सुटल्यावर हेच काम झालं.

कच्छच्या आखातातला सागरी अभयारण्याचा भाग १९८० मध्ये जाहीर झाला आणि १९८२ मध्ये त्यातल्या काही भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. त्यात बेचाळीस बेटं आहेत. एके काळी याच किनाऱ्यावरून सिमेंटसाठी प्रवाळांची वाळू उपसली जायची. आता प्रवाळाचा तुकडा खिशात घालणं हासुद्धा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वाघाला जे संरक्षण तेच २००१ पासून प्रवाळाला. हे मी सुरतेतून गाडी सुटण्याआधीच सांगून टाकायचे, कारण शिंपले गोळा करायला पिशव्या घेऊन आलेली माणसं प्रत्येक गटात असायची.

सुरतेला आणि जामनगरला समुद्र एकच, मग इकडे गाळ आणि तिकडे प्रवाळ असं का, हा प्रश्न मला सगळ्यांत आवडायचा. खंभातच्या आखातात तापी, नर्मदा, मही आणि साबरमती अशा चार मोठ्या नद्या गाळ आणून टाकतात. प्रवाळाच्या पोटात राहणाऱ्या शेवाळाला ऊन लागतं, आणि त्या गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. कच्छच्या आखाताला बारमाही मोठी नदी नाही, म्हणून तिथं पाणी त्यामानानं नितळ. हजिरा ते घोघा ही मोटारी नेणारी बोट नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली तेव्हापासून हे दाखवणं सोपं झालं. रस्त्यानं आखाताला वळसा घालून साधारण ३७० किलोमीटर जावं लागतं. बोटीनं ९० किलोमीटर. आधी आम्ही सौराष्ट्र मेलनं रात्रभर जायचो आणि झोपेतच आखात मागं पडायचं. बोटीवर मात्र चार तास तपकिरी पाणी बघायचं, दुसऱ्या दिवशी नराऱ्याच्या डबक्यात गुडघाभर पाण्यातून स्वतःची बोटं बघायची. मग मला वेगळं काही सांगावं लागत नसे.

नरारा वाडीनारजवळ आहे. तिवरांतून, चिखलातून किलोमीटर-दोन किलोमीटर चालत गेलं की पठार लागतं. लांब क्षितिजावर तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या, समुद्रात तेलवाहू जहाजं, आणि पायाखाली हे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिथं काहीच दिसत नाही. करडे-तपकिरी दगड, शेवाळ, मध्येमध्ये साचलेलं पाणी. टीव्हीवर पाहिलेले निळे-गुलाबी प्रवाळ डोक्यात असतात, त्यामुळे चेहरे उतरतात. इथले प्रवाळ रंगानं साधे आहेत, पण चिवट आहेत. उन्हाळ्यात पाणी तापतं, थंडीत गार होतं, खारटपणा जास्त, शिवाय उधाणाच्या ओहोटीत काही तास उघड्यावर ऊन खात पडायचं. भारतात याहून उत्तरेला प्रवाळांची वस्ती जवळपास नाहीच.

माझ्या कामाला वळण लागलं ते तिथल्या एका वाटाड्यामुळं. गावातल्या मच्छीमार कुटुंबातला माणूस, शाळा फार शिकलेला नाही. निघताना त्यानं ऑक्टोपसचं नावही काढलं नाही. सगळ्यांचे बूट पाहिले, चपलावाल्या दोघांना किनाऱ्यावरच बसवलं, आणि एवढंच म्हणाला, "पग रेतीमां मूको." पाय वाळूत ठेवा. मग तो पुढं चालू लागला आणि आम्ही त्याच्या मागं, एका ओळीत, त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवून. तो सरळ चालत नव्हता. वाळूचा एक पट्टा संपला की थांबायचा, बघायचा, वळसा घ्यायचा. दहा मिनिटांच्या अंतराला आम्हाला अर्धा तास लागला. माझ्याबरोबरचे लोक कुरकुरत होते. मी त्याची पावलं बघत होते.

जंगलात माणूस जीपमध्ये असतो, वाघ बाहेर. तलावावर पक्षी पाण्यात, आपण बांधावर. सुरतेत गवियरच्या तलावावर दुर्बीण घेऊन बसलं की आपल्यामुळं पाणकोंबडीचं फार तर पाच मिनिटं बिघडतं. इथं मात्र आपण ज्याला बघायला आलोय त्याच्यावरच उभे असतो. दगडासारखा दिसणारा गोल प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर वाढतो. ताटाएवढा प्रवाळ आपल्या वयाचा असू शकतो. बुटाच्या एका दाबानं त्याच्या पृष्ठभागावरचे जीव चिरडतात, जखमेत शेवाळ शिरतं, आणि हे बघायला आपण तिथं थांबत नाही. आपण संध्याकाळी जामनगरला जेवायला बसलेलो असतो. म्हणून त्या दिवसापासून माझं पहिलं काम बदललं. काय दिसेल हे सांगणं मी सोडलं. पाऊल कुठं ठेवायचं आणि किती पावलं आत न्यायची, हे ठरवायला लागले. दहा माणसांवर गट न्यायचा नाही, मग पैसे कितीही कमी मिळोत.

दगड उलटवण्याचंही तसंच. दगडाखालची दुनिया वेगळी असते: स्पंज, चपटे कृमी, खेकड्यांची पिल्लं, अंड्यांची रिबिनीसारखी माळ. दगड उलटा टाकून पुढं गेलं की खालचे सगळे जीव उन्हानं मरतात आणि वरचे अंधारानं. दगड हळू उचलायचा, बघायचं, होता तसा परत ठेवायचा. मुलं हे पटकन शिकतात. मोठी माणसं फोटो काढून पुढं जातात.

एका सहलीत असं झालं. शेजारच्या गटाच्या वाटाड्यानं फुग्या मासा पकडून तळहातावर धरला होता. मासा फुगून चेंडूएवढा झाला होता आणि त्याच्याभोवती मोबाइल लागले होते. माझ्या गटातल्या एका गृहस्थांनी तसाच फोटो हवा म्हणून सांगितलं. त्यांचा मुलगाही हट्टाला पेटला होता. मी नाही म्हणाले. हा मासा फुगतो तो जीव वाचवायला. पाण्यात असताना पाणी गिळून फुगतो, बाहेर काढला की हवा गिळतो, आणि ती हवा बाहेर टाकणं त्याला अवघड जातं. मग तो उलटा तरंगत राहतो आणि कुणाच्याही तोंडी पडतो. हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "पैसे भरलेत आम्ही." त्यांचा राग गेला नाही. परत आल्यावर त्यांनी चार ठिकाणी सांगितलं की या बाई काही दाखवत नाहीत, आणि पुढच्या हंगामात माझे दोन गट भरले नाहीत. वाईट वाटलं. पण नाही म्हणायला शिकल्याशिवाय हे काम करता येत नाही, हे तेव्हा पक्कं झालं.

दुसरं वळण लिंबायतच्या एका आजीनं दिलं. नातवाला सोबत म्हणून आलेल्या. मूळ गाव नंदुरबारकडं, समुद्र जन्मात पाहिलेला नाही. गुडघे दुखत असल्यामुळं पठाराच्या कडेला पहिलंच मोठं डबकं लागलं तिथं त्या उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही जा. मी त्यांच्यापाशी थांबले. मेंदूसारख्या वळ्यावळ्यांच्या प्रवाळाकडं बोट करून त्यांनी विचारलं, "हाई जित्तं शे का वं बाई?" जिवंत आहे म्हटल्यावर त्यांनी हात मागं घेतला. नंतर ओहोटीभर त्या तिथंच बसून होत्या. बाकीचे परत आले तेव्हा आजींनी आपण काय काय पाहिलं ते सांगितलं: एक खेकडा आपल्या पाठीवर स्पंज ओढून घेत होता. समुद्रफूल बारकी मासोळी गिळत होतं. समुद्रसशानं जांभळी शाई सोडली. एका बिळातून हिरवी, टोकाला दुभंगलेली दोरी बाहेर आली आणि हळूहळू आत गेली. ती दोरी म्हणजे बोनेलिया नावाच्या किड्याची मादी. तिचा नर इतका बारीक असतो की तो तिच्या शरीरातच राहतो. पिल्लू मादीच्या अंगावर बसलं तर नर होतं, वाळूत एकटं वाढलं तर मादी. तासभर तुडवत फिरलेल्यांपैकी एकालाही ती मादी दिसली नव्हती.

त्यानंतर मी सहलीचा क्रमच बदलला. पठारावर पोचल्यावर पहिला अर्धा तास कुणी चालायचं नाही. चार-चार जणांना एकेक डबकं नेमून द्यायचं, सावली पाण्यावर पडणार नाही असं बसवायचं, आणि बोलायचं नाही. पहिली दहा मिनिटं लोक अस्वस्थ असतात. मग माणसाला पाण्याची सवय होते की पाण्याला माणसाची, ठाऊक नाही, पण डबक्यात हालचाल सुरू होते. ऑक्टोपसही असाच दिसतो. शोधायला गेलं की तो दगडाच्या रंगाचा होऊन फटीत बसतो. बसून राहिलं की त्याचाच एखादा हात बाहेर चाचपडायला येतो.

पिरोटनची गोष्ट निराळी आहे. तिथं वनखात्याचा परवाना लागतो. कधी मिळतो, कधी महिनोन्‌महिने बंद असतो. होडी भरतीच्या पाण्यावर निघते, खाडीतून, तिवरांच्या कडेकडेनं. बेटावर पोचलो की ओहोटी लागते आणि होडी चिखलात बसते. आता पुढची भरती येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा तास, परत जाता येत नाही. पिण्याचं पाणीसुद्धा सोबत न्यावं लागतं. दीपस्तंभ, तिवरं, वाळू आणि प्रवाळ, एवढंच बेट. सुरतेतल्या व्यापारी माणसाला बारा तास फोनविना राहणं म्हणजे शिक्षा वाटते. दुपारपर्यंत ते दर दहा मिनिटांनी विचारतात, होडी लवकर निघू शकेल का? दुपारनंतर विचारणं थांबतं. पांढरेशुभ्र, काळ्या पंखांचे क्रॅब प्लोव्हर थव्यानं चिखलावर उतरतात. किनाऱ्यावरच्या पाणपक्ष्यांमध्ये हे एकटेच वाळूत बोगदा खणून अंडी घालतात. वीण अरबी समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यांवर आणि हिवाळा आपल्याकडं. त्यांना खेकडा आपटून फोडताना बघत तीच माणसं तासभर उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

तिथं वाटाड्याची खरी कसोटी लागते ती परत फिरवताना. पाणी समोरून चढतं असं सगळ्यांना वाटतं. पठारावर ते आधी मागच्या चरांतून भरतं. आपण समोरच्या लाटेवर नजर ठेवून उभे असतो आणि किनाऱ्याकडची वाट तोवर कमरेइतकी खोल झालेली असते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पौर्णिमेचे पंधरा म्हणजे सव्वाअकरा. हा हिशेब मुंबई-कोकणच्या उघड्या किनाऱ्याला चालतो. आखाताच्या आत पाणी पोचायला उशीर लागतो, म्हणून जामनगरला बंदराचं कोष्टकच पाहावं लागतं. आणि कोष्टकापेक्षा स्थानिक माणसाचा शब्द मोठा. तो 'चला' म्हणाला की कॅमेऱ्यात कितीही चांगलं चित्र असो, फिरायचं. एका हौशी छायाचित्रकारानं ऐकलं नाही तेव्हा त्या वाटाड्यानं त्याची बॅग स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मुकाट्यानं चालू लागला. मग तो मागोमाग आला. चर पार केला तेव्हा पाणी छातीला लागत होतं.

या किनाऱ्याशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे, हे मी मराठी गटांना हौसेनं सांगायचे. ओखामंडळ बडोद्याच्या गायकवाडांकडं होतं. सयाजीराव महाराजांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करवून घेतली. तिचे अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये छापले गेले. मोत्यांच्या शिंपल्यांतून उत्पन्न निघतं का हे बघायचं होतं, पण त्या निमित्तानं स्पंज, प्रवाळ, कृमी सगळ्याची नोंद झाली. शंभर वर्षांपूर्वी आपल्या एका संस्थानाला ओहोटीत काय उघडं पडतं हे जाणून घ्यावंसं वाटलं, याचा मला अभिमान आहे.

एकदा ग्लासगोला राहणारा एक मराठी मुलगा आईवडिलांना घेऊन आला. तो स्कॉटलंडच्या मल बेटावर अशाच सहलीला जाऊन आला होता. तिथला वाटाड्या म्हणे दिवसभर रस्त्याच्या कडेला गाडी लावून दुर्बिणीतून किनारा बघत होता. पाणमांजर दिसलं ते लांबून, वाऱ्याची दिशा बघून, आणि कुणीही खाली उतरून जवळ जायचं नाव काढलं नाही. त्याच बेटावर त्यानं पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड पाहिला. ब्रिटनमधून हा गरुड माणसांनी गोळ्या घालून, विष घालून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपवला होता. १९७५ पासून नॉर्वेची पिल्लं आणून रम बेटावर सोडली, आणि १९८५ मध्ये मलवर पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं. संपवलेला जीव परत आणायला लोक इतका खटाटोप करतात, हे आमच्या वाटाड्यानं लक्ष देऊन ऐकलं. आपल्याकडंही सुरुवात झाली आहे. मिठापूरजवळच्या समुद्रात जानेवारी २०२० मध्ये लोखंडी सांगाडे उतरवून, त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडून त्यावर प्रवाळ वाढवायचा प्रयोग झाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि गुजरातच्या वनखात्यानं तो केला. लावलेला प्रवाळ वाढेल तेव्हा वाढेल. जो शिल्लक आहे तो बुटाखाली जाऊ नये, हे आज आपल्या हातात आहे.

माझं मत स्पष्ट आहे. नराऱ्यासारख्या ठिकाणी सुट्टीच्या दिवसांत जेवढी माणसं एका ओहोटीत उतरतात तेवढी उतरू देऊ नयेत. पठाराचे भाग पाडून एका भागाला एक हंगाम विसावा द्यावा. यात गावच्या वाटाड्यांचं उत्पन्न बुडता कामा नये, कारण त्या पठाराची खरी जाण त्यांनाच आहे. कमी माणसांकडून जास्त शुल्क घ्यावं आणि ते त्यांच्यापर्यंत पोचावं. ऑक्टोपस उचलून दाखवणारा वाटाड्या दुष्ट नसतो. दाखवलं तरच बक्षिशी मिळते हे त्याला आपणच शिकवलेलं असतं.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पौर्णिमा किंवा अमावास्या धरून दोन दिवस पुढं-मागं. जुने, बंद, पकड असलेले बूट घाला. पिशवी नेऊ नका. आणि वाटाड्याचे पैसे परतल्यावर देऊ नका. निघण्याआधीच द्या, बक्षिशीसकट, आणि सांगा की काही उचलून दाखवायची गरज नाही.